रांगेतली बासरी

४ फेब्रुवारी
आज एकजण दुकानात येऊन ओरडून गेला. त्याची सासू परवा लिफ्टमध्ये अडकली होती आणि आमचा फोन सारखा एंगेज. एंगेज असणारच – मी दुसऱ्या एका लिफ्टमधल्या माणसाशी बोलत होते. अडकलेला माणूस बाहेर पडेपर्यंत फोन ठेवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. वडिलांनी लिफ्टदुरुस्तीचा धंदा काढला तेव्हापासूनची. माझा धाकटा भाऊ बाळ्या धावतपळत जाऊन लिफ्ट सोडवतो, तोवर मी बोलत बसते. घरी कोण कोण, आज भाजी काय केली, काहीही.
"दार बडवून बडवून हात सुजलेत त्यांचे," जावई म्हणाला. मला मान वर करवेना. बाळ्यानेच पुढे होऊन माफी मागितली.

५ फेब्रुवारी
दार बडवल्याचा आवाज डोक्यातून जात नाही. ऐकलेला नसताना!

८ फेब्रुवारी
बाळ्याने फोनवाल्याला बोलावलं. भारीच गोडबोल्या. त्याच्याकडे तीन तऱ्हेची यंत्रं. पहिल्यात मशीनच बोलणार – यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. काळोखात घाबरलेला माणूस आकडे दाबत बसणार? नको.
दुसऱ्यात, मी बोलत असले की पुढचा फोन थेट बाळ्याच्या मोबाइलवर. बाळ्या खूश. मी नाही म्हटलं. हा लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करतो, कधी खालच्या खड्ड्यात उतरतो. तिथे खिसा वाजला आणि लक्ष उडालं म्हणजे?
"ताई, तुला ना, कशाचीही भीती वाटते."
वाटते! भावजय मात्र हळूच म्हणाली, "ताई म्हणतात ते खरंय." तेव्हा त्याने तो विषय सोडला.
तिसऱ्यात फोन लागतोच. मी बोलत असले तर तो रांगेत थांबतो, थांबणाऱ्याला गाणं ऐकू येतं, मला पडद्यावर नंबर दिसतो. बटण दाबलं की त्याच्याशी बोलायचं, पहिला तेवढा वेळ गाणं ऐकणार. "कुणालाही वाऱ्यावर सोडत नाही आम्ही," फोनवाला म्हणाला.
हेच घ्यायचं ठरवलं. माझ्याच हट्टावर.

९ फेब्रुवारी
गाणं कोणतं, तेही मीच निवडायचं म्हणे. ढोल नको, बाईचा गोड गोड आवाज नको. बासरी घेतली. एकटं असताना ऐकली तरी धीर येईल अशी.

१४ फेब्रुवारी
यंत्र बसलं. रांगेत कुणी आलं की लाल दिवा लुकलुकतो. पहिल्या माणसाला सोडून दुसरा घ्यायला माझं बोट धजावतच नाही. "दाब ना, खाऊन टाकणार आहे का ते?" बाळ्या हसतो. मग कोपऱ्यावर जाऊन त्याने स्वतःच फोन लावून पाहिला. परत येऊन म्हणाला, "बासरी मस्त आहे गं. कुणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटतं."
जरा बरं वाटलं.

२० फेब्रुवारी
लिहवत नाही. बाळ्या दवाखान्यात.

२१ फेब्रुवारी
लिहिल्याशिवाय सुटका नाही.
काल एक शिक्षिका अडकली. श्वास लागलेला. "मला सोडून जाऊ नका हो," एवढंच घोकत होती. मी म्हटलं, नाही जात. तिथल्या रखवालदाराला बाळ्याने लिफ्ट हाताने उतरवायला शिकवलंय, तो कामाला लागला होता. तेवढ्यात दिवा लागला. नंबर बाळ्याचा. तो एका गोदामाच्या लिफ्टला तेलपाणी करायला एकटाच गेला होता. वाटलं, पोचलो म्हणून सांगत असेल. नाहीतर जेवायला थांबू नको म्हणेल. बटण नाही दाबलं.
दिवा लुकलुकत राहिला. मी शिक्षिकेला तिच्या मुलांची नावं विचारत राहिले.
ती बाहेर पडली, रडत रडत आभार मानले. मग मी बटण दाबलं. "बोल रे." पलीकडे कुणी बोलेना. फोन मात्र चालूच.
मी आणि भावजय गोदामात गेलो तेव्हा तो खड्ड्यात होता. लिफ्ट खाली सरकलेली, पाय तिच्याखाली. मोबाइल कानाशी तसाच.

२२ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर पाय वाचला असता. हातात मोबाइल होता. बायकोला लावता आला असता, गोदामाच्या मालकाला, कुणालाही. का नाही लावला? तो जागा झाला की विचारायचं. आणि तो जागा होईल याचीच भीती वाटते.

२४ फेब्रुवारी
आज बोलला. मी विचारलंच. म्हणाला, "बासरी चालू होती ना, ताई. म्हटलं, तू आहेस."