भाचीचा सावकाश खेळ

ती. भावजींना मेहुण्याचा नमस्कार. ताईची कंबर आता कशी आहे? तुमचं पित्त तुमच्यासारखंच उसळत असेल, त्याला जपा. ‘पोरीला मिळेल त्या गाडीने परत पाठव, दुकानात माणूस नाही, चेंडू बडवून पोट भरत नाही,’ हा तुमचा निरोप पोचला. (उत्तर फोनवरच देणार होतो, पण फोनवर तुम्ही श्वास घ्यायला थांबत नाही, त्यामुळे माझा नंबर लागत नाही.)

इकडे सगळं क्षेम आहे, फक्त माझी अब्रू गेली. मी पडलो घड्याळजी, म्हणून पोरीच्या कॉलेजवाल्यांनी बास्केटबॉलच्या उपान्त्य सामन्याला मला छोट्या घड्याळापाशी बसवलं. चेंडू हाती आला की ठरावीक सेकंदांत तो बास्केटकडे फेकावाच लागतो; दुसऱ्या संघाकडे गेला की बटण दाबून घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावायचं, एवढंच काम. समोरच्या पोरी अशा उंच की माझ्या दुकानात त्यांना वाकूनच यावं लागेल, आणि पळायला वाऱ्यासारख्या. आपल्या पोरी त्यांच्या खांद्याला लागत होत्या. मी मनात म्हटलं, आता धुलाई.

पण तुमची कन्या पळेचना. भाजी पसंत न पडलेल्या गिऱ्हाइकासारखी चेंडू आपटत उभी. इकडे पास, तिकडे पास, परत हिच्याकडे, आणि घड्याळ संपता संपता एक फेक. मी दातओठ खात होतो. तेव्हा शेजारी गुण लिहिणाऱ्या बाईंनी समजावलं, की चेंडू दोन्ही संघांना आळीपाळीनेच मिळतो. धावाधाव केली तर दोघांनाही पुष्कळदा मिळेल, आणि पुष्कळदा मिळाला की उंच पोरी जिंकणारच. कमी वेळा मिळाला तर नशिबाला आपल्याकडे यायला जागा राहते. मी थक्क झालो. आणि खरंच, उंच पोरी वाट बघून वैतागल्या, चेंडू मिळाला की कुठूनही भिरकावू लागल्या. त्या पुरत्या कंटाळल्यात हे पाहून आपली पोर एकदम अशी सुटली की मला ती दिसली थेट बास्केटखालीच. भावजी, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, पण वेळ अशी कुणी मुठीत धरलेली पाहिली नव्हती. अंगावर काटा आला. (त्या नादात बटण दाबायचं राहिलं. समोरच्यांनी चेंडू घेतला न घेतला तोच भोंगा वाजला आणि अख्खं सभागृह माझ्याकडे बघू लागलं. पंच म्हणाले, घड्याळ बिघडलंय का? मी म्हटलं, घड्याळ ठीक आहे, घड्याळजी बिघडलाय. मला उठवून प्रेक्षकांत बसवलं.) एका बास्केटने आपण जिंकलो. अंतिम सामना रविवारी आहे.

राग थोडा आणि लोभ जास्त ठेवावा.

तुमचा मेहुणा

ता. क. पोरीला रविवारपर्यंत राहू द्या, एवढंच मागायचं होतं. पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर तुम्ही पुढे वाचलं नसतं.

ता. क. २. खरं सांगतो, पत्र सोमवारी टाकायचा बेत आहे. तुम्ही वाचाल तोवर सामना झालेला असेल. चेंडू धरून ठेवायला मीही शिकलो म्हणा.

ता. क. ३. आज रविवार, आणि सकाळीच तुम्ही पिशवी घेऊन दारात हजर. तुम्ही आत तोंड धुताय तोवर हे लिहितोय, पत्र हातातच देईन. पोर मागच्या दाराने सामन्याला गेली, मीच जा म्हटलं. शिव्या मला द्या. जाताना म्हणाली, “मामा, बाबांनी मला एकदाही खेळताना बघितलं नाहीये.” सभागृहात माझ्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवायला मी तिला सांगितलं आहे. चपला घाला, भावजी. आज घाई केलीत तरी चालेल.