कपाटावरचा पिवळा कागद

लातूर, रविवार संध्याकाळ

आज मी खोटं बोलले का? नक्की सांगता येत नाही.

वैष्णवीचे वडील देगलूरहून आले होते. पोरगी माझ्याकडे खोली घेऊन राहते, डॉक्टरकीसाठी नीटची परीक्षा दुसऱ्यांदा देते आहे. तिच्या कपाटावर तो पिवळा कागद चिकटवलेला असतो. त्यावर स्पॅनिश आहे, क्लासचं काही नाही, हे फक्त मला माहीत. मागे मीच विचारलं होतं. म्हणाली, "काकू, हे लोक क्रियापदाच्या शेपटीलाच 'मला' न् 'ते' जोडून टाकतात. दामेलो, म्हणजे मला ते दे. लेवान्ताते, म्हणजे स्वतःला उठव, ऊठ." बायॉलॉजीबद्दल ती इतकी खुलून कधी बोलली नाही.

वडिलांनी कागदावर बोट ठेवलं. "औषधांची नावं दिसतात. पाठ हाय का?"

तिने घडाघडा म्हणून दाखवलं, एकही न चुकता. त्यांचे डोळे भरून आले. मी दारातच उभी. तेव्हाच बोलायला हवं होतं? पण पोरीने माझ्याकडे बघितलं आणि मी चहा ठेवायला निघून गेले.

चहा घेऊन आले तर कपाट मोकळं. पिवळा कागद घडी होऊन त्यांच्या खिशात गेला होता. "हिच्या आईला दाखवतो," म्हणाले.

निघताना फाटकापाशी थांबले. "ताई, लई अवघड असतंय का हो हे?"

"हाव," म्हटलं, "लई अवघड."

तेवढं एक खरं बोलले.