वाळूतलं डावं पाऊल

मी, दौलतराव तानबाजी वैरागडे, वय बहात्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार समुद्रपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. भीती मात्र वाटते. परवा हृदयाचे ऑपरेशन आहे.

१. राहते घर पत्नी मंदाबाईचे. तिला तिथून कोणी हलवू नये.

२. बसस्टँडसमोरचा स्टुडिओ मुलगा निकेशचा, पण एका अटीवर. पुढच्या महिन्यात तो नागपुरात माझ्या वाळवंटातल्या फोटोंचे प्रदर्शन भरवतो आहे. त्यातला बक्षीस मिळालेला मोठा कृष्णधवल फोटो माझ्या नावाने लागला, तर स्टुडिओही मंदाबाईचा.

३. कारण तो फोटो माझा नाही. एक्क्याण्णव साली हिंगणघाटच्या शेठजींच्या मुलीच्या लग्नाचे फोटो काढायला मी आणि माझा भागीदार योगेंद्र भोयर जोधपूरला गेलो होतो. लग्न उरकून जैसलमेरकडची वाळू पाहायला गेलो. कॅमेरा एकच. वारा असा की वाळू दातांत करकरत होती. जागा शोधत मी टेकडी चढून पलीकडे उतरलो. मागून योगेंद्र ओरडला, "तिकडंच राह्य बे, मंधात येऊ नको!" वाऱ्याने वाळूतली माझी पावलं पुसायच्या आत त्याने त्यांचा फोटो काढला.

स्टुडिओचा रिवाज असा, की जो रोल धुईल त्याचे नाव निगेटिव्हच्या पाकिटावर. तो रोल मी धुतला. त्याच नावाने फोटो स्पर्धेला गेला, बक्षीसही त्याच नावाने आले. मी गप्प बसलो. योगेंद्र भागीदारी सोडून वडनेरला गेला आणि वांगी-टमाटे लावू लागला. निकेशच्या लग्नाला आला नाही म्हणून वर मीच रुसलो. चोराच्या उलट्या बोंबा!

लहानपणापासून माझा डावा पाय ओढतो. फोटोत प्रत्येक डाव्या पावलामागे वाळूत रेघ आहे. चौतीस वर्षे लोकांनी वाहवा केली, कोणाला दिसली नाही. मंदाला पहिल्याच दिवशी दिसली. "हे त तुमचे पाय हायेत. मंग फोटो कोनं काढला?" मी तिच्यावर खेकसलो. त्याची आजही लाज वाटते.

४. (खोडले) त्या फोटोची निगेटिव्ह माझ्या मृत्यूनंतर योगेंद्रला द्यावी.

खुलासा: वरील मजकूर आज सकाळी मंदाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मेल्यावर खरं बोलनं सोपं हाये. आपरेशनातून वाचले त काय करसान?" म्हणून कलम चार मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. जी वस्तू माझी नाही, ती मृत्युपत्रात देणारा मी कोण? पाकिटावरचे नाव बदलले. पाकीट खिशात आहे. सह्या झाल्या की दहाच्या एसटीने वडनेरला निघतो. योगेंद्र दार उघडेल की नाही, माहीत नाही.

सही: दौलतराव तानबाजी वैरागडे

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
भैय्याजी ढगे, शेजारी
मनकर्णाबाई कामडी, शेजारी

समुद्रपूर, जि. वर्धा
११ नोव्हेंबर २०२५, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे