भाजीचं पाणी

४ मे
आज ह्यांचं डायलिसिस. डॉक्टरीणबाईंनी काय खायचं नाय त्याचा कागद दिला. केळी, शहाळं, आंबा, फणस, शेवग्याचा पाला. मेलं, परड्यात जे फुकट आहे तेच नेमकं बंद! चालेल काय, तर सफरचंद, कोबी, दुधी. म्हणजे बाजार आला. भाज्या चिरून उकळायच्या नि पाणी काढायचं, म्हणाल्या. बरं म्हटलं.

७ मे
बागेवर आंब्याच्या पेट्या भरायला गेले. मुकादमाने डागी आंबे वाटले, पिशवीभर. लेक मनू नि मी मागीलदारी बसून खाल्ले, चोरासारखे. ह्यांना वास गेलाच. "नुसती कोय तरी दे गो चोखायला." नाय दिली. रडले. एवढा बाप्या माणूस!

१० मे
बाजार उठायच्या वेळी गेले, तेव्हा भाव उतरतो. कोबी, दुधी घेतला. सफरचंद तीनदा उचललं, तीनदा ठेवलं. शेवटी एकच आणलं. मनूसमोर कापायची लाज वाटली, तीपण वाढत्या वयाची. म्हणते, "मला नाय आवडत, आई." लबाड कार्टी.

१४ मे
भाजी उकळते रोज. पाणी काढते. पण इतक्या महागाचं आणून त्यातला कस मोरीत ओतायचा? भाताची पेज सांडली तरी आई हात उगारायची. मी त्या पाण्याचीच आमटी करते. सगळं सत्त्व ह्यांच्या पोटात जाऊ दे. आवडीने पितात.

१९ मे
सकाळी पायच उचलेनात ह्यांचे. रिक्षा करून नेलं. छातीला वायरी लावल्यात. रक्तात पोटॅशियम चढलंय म्हणे, हृदय बंद पडलं असतं. "पथ्य पाळलंत ना?" म्हटलं, अगदी कडक!

२० मे
डॉक्टरीणबाईंनी बसवून एकेक विचारलं. भाजी उकळता? होय. पाणी काढता? होय. मग त्याचं काय करता?
आमटी.
त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अहो, जे नको ते त्या पाण्यातच उतरतं. म्हणून तर ते ओतून टाकायचं."
देवा रे. माझ्या हातानं. वाटी भरभरून, वर आणखी आग्रह करून.

२२ मे
वायरी काढल्या. अजून धोका आहेच. ठरवून गेले होते, आज आमटीचं सांगायचं. तर हेच म्हणाले, "तुला एक सांगायचंय. तू बागेवर असताना फणसाचे दोन गरे खाल्ले मी. त्यानंच झालं हे. तुझ्या कष्टांवर पाणी ओतलं गो."
तोंड उघडलं मी. आणि बाहेर काय पडावं? "अक्कल आहे की नाय तुम्हाला? जिवावर उठलात स्वतःच्या!" बाजूच्या खाटेवरचे बघायला लागले.
ह्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.