भोक न पाडलेला पाईप

बुलढाणा,
९ जानेवारी २०२५

चि. अनंतास प्रेमलाताईचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र काऊन लिहून राह्यली, असं म्हणशील. दोन खोल्यांचं घर. फोनवर बोललं की तुझ्या भाऊजीच्या कानावर जाते. डॉक्टरनं स्पष्ट सांगतलं, फुफ्फुसं पार खराब झाली, आता एक झुरकाही नको. पण हे ऐकतील तर शपथ! बहात्तराव्या वर्षी संडासात लपून ओढून राह्यले, शाळकरी पोरासारखे.

म्हणून तू घडवून दिलेला तंबाखूचा पाईप मी परवा बंबात टाकला. मेलं ते ब्रायरचं लाकूड, लवकर जळतही नाही! तीन बादल्या पाणी तापलं तरी नुसतं काळं पडलं. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. खुर्चीत बसतात, रिकामी मूठ ओठापाशी नेतात अन् खाली ठेवतात.

आता ते तुझ्याकडं नवा मागतील. देऊ नको. मले त्याईची सोबत अजून पाह्यजे.

रागात असली तरी तुझीच,
ताई


दुसरबीड,
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस अनंताचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचायच्या आधीच भाऊजीचा फोन आला होता. बहिणीले विचारू नको, मुकाट्यानं एक पाईप बनवून दे, म्हणे. मी हो म्हटलं. शिव्या दे, पण आधी पुरतं वाच.

बारा वर्षांपासून ब्रायरचा आणखी एक ठोकळा जपून ठेवला होता. ब्रायर म्हणजे परदेशातल्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. आगीले दाद देत नाही, म्हणून तर पाईपाले चालते. आयटीआयात एवढी वर्षं सुतारकाम शिकवलं, पण अशा रेघांचं लाकूड हाताखालून गेलं नाही. कानस फिरवली की उभ्या रेघा ज्वाळेसारख्या वर चढतात, बुडाशी पाखराच्या डोळ्यासारखे ठिपके. वीस दिवस घासला. याहून चांगला पाईप माझ्या हातून झाला नाही, अन् आता होणारही नाही.

रिवाज असा की भोक आधी पाडायचं, मग बाहेरून घडवायचं. मी ते पाडलंच नाही. तंबाखू भरायची वाटी कोरली, तोंडात धरायची काळी दांडी बसवली, पण मधून हवा जायची वाट बंद. तोंडात धरता येते, ओढता येत नाही. या पत्रासोबतच पाठवून राह्यलो. कारागीर म्हणून लाज वाटते ताई, भाऊ म्हणून नाही. भाऊजी भडकले तर माझं नाव सांग.

त्यायले जप, अन् माझ्यावरची माया आटू देऊ नको.

तुझा,
अनंत


बुलढाणा,
२१ एप्रिल २०२५

चि. अनंतास आशीर्वाद.

भोक तू मुद्दाम पाडलं नाही, हे यायले पह्यल्याच दिवशी कळलं होतं! दोन महिने चहा झाला की पाईप तोंडात, डोळे मिटलेले. अंगठ्यानं कुरवाळून कुरवाळून लाकूड कसं झळकून राह्यलं! मी आपली खूश, की फसले, भोक चुकून राहून गेलं असंच समजतात. काल हसत म्हणाले, आयटीआयचा मास्तर भोक पाडायले विसरेल का? भावानं तुझ्यासाठी एवढं लाकूड वाया घातलं, मग मी कशाले तोंड उघडू. हसता हसता खोकला लागला, तो अर्धा तास थांबला नाही.

गुरुवारी डॉक्टरनं मले बाजूले बोलावलं होतं. औषध चालू ठेवा, म्हणाले, पण आता पथ्यात काही राह्यलं नाही. आवडेल ते द्या. मी दवाखान्याच्या जिन्यावरच बसून रडली. यायले सांगतलं नाही, पण ओळखलं असेल.

यायनं काही मागितलं नाही. मीच मागून राह्यली. पाईप रुमालात गुंडाळून पार्सल केला आहे. भोक पाड. घडवल्यावर पाडणं अवघड, गिरमिट जरासं सरकलं तर सगळं फुटते, हे मले ठाऊक आहे. आधी साध्या लाकडावर हात बसव, मग पाड. पण उशीर करू नको.

अन् तंबाखू कसा भरायचा, सैल की दाबून, तेही लिहून पाठव. मीच भरून देणार आहे.

तुझी,
ताई