पुढं ओढलेली रेघ

सातारा, ५ मार्च १९९८

ती. अण्णांस,
पद्मावतीचा जय जिनेंद्र, वि. वि.

इकडं कुणी खुशाल न्हाई, म्हणून तुमची खुशाली विचारत न्हाई.

चार वर्षं माझी रूपाली तुमच्या प्रयोगशाळेत उसाच्या चिपाडाचा कोळसा करत होती. त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत वीज साठती, हे तुमीच जेवताना कौतुकानं सांगितलं होतं. आता तुमा दोघांच्या शोधनिबंधातले आकडे खोटे निघाले, आणि विद्यापीठाच्या चौकशीत तुमी म्हणालात, ते भाचीनं घातले. सख्ख्या मामानं! तिची पीएच.डी. थांबली, तुमची खुर्ची मात्र शाबूत. तुमी प्राध्यापक झालात तवा ओवाळलं, त्याची आज लाज वाटती.

पद्मावती

सांगली, ११ मार्च १९९८

चि. सौ. पद्मावतीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, त्याहून राग आला. कार्बनमधलं तुला काय कळतं? त्या कोळशाचा आमचा वीज साठवणारा सेल हजार वेळा भरून रिकामा केला तरी टिकतो, असं आम्ही छापलं. प्रत्यक्षात तो तीनशे बारा वेळांतच संपला. आलेख रूपालीच्या हातचा. समितीला मी तेवढंच सांगितलं. वीस वर्षं झिजून हा विभाग उभा केला, तो एका पोरीपायी बुडू द्यायचा? तिनं माफीचं पत्र द्यावं, पुढचं मी बघतो. पाहुण्यांना नमस्कार.

बाळगोंडा

सातारा, १६ मार्च १९९८

ती. मामांस,
रूपालीचा नमस्कार, वि. वि.

आईनं मला न विचारता लिहिलं. हे माझं पत्र.

शहाण्णवच्या बारा डिसेंबरला मी प्रयोगाची वही घेऊन तुमच्या खोलीत आले आणि सेल संपल्याचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, निबंध पाठवायची मुदत उद्याच संपते, आलेखाची रेघ इथवर सरळ आली आहे, तीच पुढं हजारापर्यंत ओढ. मी दोनदा नको म्हटलं. मामावर भरवसा नाही का, असं विचारलंत. मग मी ओढली. तो गुन्हा माझा, आणि समितीला मी तसं लिहून दिलं. ओढायला कुणी सांगितलं, ते लिहिलेलं नाही. ते तुम्ही लिहायचं.

रूपाली

सांगली, २ एप्रिल १९९८

चि. पद्मास,
आशीर्वाद.

आज समितीला कळवलं. रेघ मी ओढायला लावली, आणि चौकशीत ते लपवलं. विभागप्रमुखपद जाईल, यापुढं विद्यार्थीही मिळणार नाहीत. त्या काळ्या भुकटीवर पहिल्यांदा दिवा लागला, तेव्हा रूपाली टाळ्या वाजवत नाचली होती. तेच सारखं आठवतं. रविवारी साताऱ्याला येऊ का?

बाळगोंडा

सातारा, ९ एप्रिल १९९८

ती. अण्णांस,
जय जिनेंद्र.

येऊ नका. खरं लिवलंत, बरं केलंत. पण त्यासाठी पोरीला आधी आपली मान पुढं करावी लागली.

समितीनं तिला दुसऱ्या सरांच्या हाताखाली सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला सांगितलंय. सोमवारी ती सांगलीला येतीय. हॉस्टेलवर राहील, तुमच्याकडं न्हाई. सेल जितका टिकंल तितकंच लिवणार म्हणती, मग पन्नास वेळा का टिकंना.

प्रयोगशाळेची किल्ली शिपाई जोतीरामकडं देऊन ठेवा. ती आत येईल तवा तुमी तिथं दिसू नका.

वहिनींना नमस्कार.

पद्मावती