पापाच्या अँपचा खर्ज

१९ ऑगस्ट, मंगळवार

मौरोनं आज पापाचा अँप्लिफायर माझ्या टेबलावर आदळला. "हळू ठेव," म्हटलं, तर म्हणतो, "सुंता, एक्कावन्न वर्षं झाली त्याला. एवढ्यानं मरायचा असता तर कधीच मेला असता." एकोणसाठचा झाला तरी धाकट्या भावाचा धसमुसळेपणा जात नाही.

तक्रार जुनीच – खर्ज फार. पापानं हा अँप मुळात बेस गिटारसाठी बांधलेला. मौरो त्याला साधी गिटार लावतो, मग खालचे सूर ढगासारखे गडगडतात. गावातल्या क्लबच्या बारवरचे ग्लास थरथरतात म्हणे. चौदा सप्टेंबरला होड्यांना आशीर्वाद द्यायचा सण, आणि मौरोचं त्रिकूट धक्क्यावर वाजवणार. दर वर्षी वाजवण्याआधी तो माइकवर सांगतो – "अँप पापाच्या हातचा, सांभाळलेला सुंतानं." हसतात सगळे. पण मी वर्षभर त्या एका वाक्याची वाट बघते. हे इथे लिहायला हरकत नाही.

२० ऑगस्ट

मागचं झाकण काढलं. आतला वास तोच – गरम धूळ, मेण, थोडी पापाची सिगारेट. हा बांधला तेव्हा मी तेरा वर्षांची, शाळेतून थेट पापाच्या दुरुस्तीच्या दुकानात, टॉर्च धरायला. गणवेशावर वितळलेल्या सोल्डरचा थेंब पडून भोक पडलं होतं. शाळेतल्या सिस्टर अन्सेल्मनं ते स्वतः रफू केलं आणि आईला कळू दिलं नाही.

एक हात खिशात ठेवून काम केलं, पापानं शिकवलं तसं. दोन्ही हात आत घातले की वीज छातीतून जाते. पहिल्या वाल्व्हच्या काचेच्या नळीपाशी पंचवीस मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. तो काढून एकचा लावला. कपॅसिटर लहान केला की खर्जाला दार अरुंद होतं, बाकीचे सूर सुखानं जातात. मग वाजवून ऐकलं. मीटरला हात लावला नाही. आमच्या दुकानात सुराचा निवाडा कानानंच व्हायचा, मीटर फक्त जळलेलं शोधायला.

२३ ऑगस्ट, शनिवार

क्लबात तालीम. मौरो खूश. ओर्नेला गाते, तीही खूश – "आता मला माझा आवाज ऐकू येतो, सुंता!"

मला मात्र ऐकू आला नाही. तिचे शब्द अजून खर्जात बुडतात. तिला सांगितलं तर म्हणाली, "अगं, छान झालंय, कशाला खाजवतेस?" माझं मन राखायला बोलतात. मला असलं राखलेलं मन नको.

२४ ऑगस्ट

चर्चमध्ये मासला गेले. फादर काय बोलले, देव जाणे. तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. सिस्टर अन्सेल्म आम्हाला वर्गाच्या शेवटच्या बाकावर उभं करून वाचायला लावायची, प्रत्येक अक्षर पुढच्या भिंतीवर आपटलं पाहिजे. आता शिकवतच नाहीत कुणाला बोलायला.

२७ ऑगस्ट

मौरोला न विचारता अँप पुन्हा उघडला. (क्लबची किल्ली माझ्याकडे असते.) दोन वाल्व्हच्या मधला कपॅसिटर चौपट लहान केला. बराच वेळ ऐकत बसले. थोडं बरं. थोडंच.

३० ऑगस्ट, शनिवार

भांडण. सगळ्यांसमोर!

मौरोनं पहिलाच सूर छेडला आणि थांबला. "हे काय केलंस?"

"जे तू सांगितलंस तेच."

"मी सांगितलं, ते तू तेव्हाच केलंस. झालं होतं काम. आता डास गुणगुणल्यासारखा वाजतोय."

"गडगडाट होता. मला ऐकू येत होता."

"तुला एकटीला!"

ओर्नेला मध्ये पडली – "तार घासल्यासारखं कानात घुसतंय, सुंता, खरंच." हीच बाई परवा छान म्हणत होती. मी हत्यारं गोळा केली आणि निघाले. चाळीस वर्षं त्या अँपच्या आत माझ्याशिवाय कुणाचा हात गेला नाही. प्रत्येक सांधा मला पाठ आहे. आणि मौरोला? मौरोला साधा फ्यूज बदलता येत नाही. पापाच्या शेवटच्या आजारात दुकान मी चालवलं, तो गिटार घेऊन मेलबर्नला होता.

३ सप्टेंबर

मौरोनं अँप ॲडिलेडला नेला. कुण्या लाखलन नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे. मला ओर्नेलाकडून कळलं.

६ सप्टेंबर, शनिवार

लाखलन म्हणे, "ह्याचा गळा कुणी दाबला?" मौरोनं हे वाक्य मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, अगदी थंडपणे. तो आणखी बरंच बोलला, पण लाइन खराब, निम्मं कळलं नाही. दोनदा "काय?" विचारलं तर ओरडला. त्या पोरानं माझे दोन्ही कपॅसिटर काढले आणि मधल्या मापाचे घातले. पापाच्या सांध्यांवर परक्याचा सोल्डर.

आणि चौदाला माइकवर काय सांगणार? "सांभाळलेला लाखलननं"?

९ सप्टेंबर

तालमीला मागच्या दाराशी उभी राहून ऐकलं. खर्ज परत आलाय! भिंतीसारखा! आणि टाळ्या वाजवतात! सगळा क्लब बहिरा झालाय. सरळ स्टेजपाशी गेले आणि म्हटलं, "मला एक दिवस दे. मी मोजून देते. आकडे खोटं बोलत नाहीत. मग बघू त्या ॲडिलेडवाल्याचं."

मौरो माझ्याकडे बघत राहिला. रागानं बघितलं असतं तर चाललं असतं. "मोज," म्हणाला. "पण सोल्डर लावायचा नाही. शपथ घे."

"कुणाची?"

"पापाची."

घेतली. माझ्याच बापाची शपथ मला, चोरासारखी!

१२ सप्टेंबर

अँप घरी. उद्या सकाळी मोजते. पापाचं सूर काढायचं यंत्र फडताळातून काढलं, आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप पुसला. खर्जापासून सुरू करून एकेक सूर वर चढत जायचं, पडद्यावर लाट किती उंच ते कागदावर टिपायचं. शाळेतला आलेखाचा कागदही सापडला. त्यावर रेघ अशी काढीन की मौरोला मान वर करता येणार नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

खालचे सूर मोजून झाले. रेघ बेताची. कुठेही फुगवटा नाही. पुन्हा मोजले, तेच.

वर चढत गेले. तीन हजार हर्ट्झला आवाज क्षीण झाला. पाच हजारला थांबला. तार सुटली असेल म्हणून तपासली. पडद्यावर लाट मात्र उंच. बटण फिरवलं, लाट आणखी उंच. बटण शेवटपर्यंत फिरवलं, तरी मला काही ऐकू येईना.

इतक्यात शेजारची इव्होन स्वैपाकघराच्या दारातून आत आली, दोन्ही कानांवर हात ठेवून. तिचे ओठ हलत होते, शब्द कळत नव्हते. मग तिनं स्वतःच पुढे होऊन यंत्र बंद केलं.

"किती वेळ शिट्टी वाजतेय, सुंता," म्हणाली. "कुंपणावरून हाका मारतेय तुला."